उलटी उमटलेली वाट

कुंडलच्या थांब्यावर सांगलीची एसटी काही येत नव्हती, आणि शेजारच्या बाकावर एक फेटेवाले काका शहरातल्या चित्रकार बाईंवर तापले होते.

"आमच्या रानातनं हिंडलासा, बांधावर बसून च्या प्यालासा, आन् चित्रात वाट माज्याच उसातनं काढलीसा व्हय, ताई?"

"काका, पाहिली तशीच लाकडावर कोरली मी."

"मग विहिरीच्या डाव्या अंगाची वाट उजवीकडं कशी गेली? डावीकडं शंभूराजचं रान हाय, उजवीकडं माजं!"

"अगंबाई! उलटं कोरायचं राहिलं. कागदावर ठसा उलटा उमटतो हो."

"तुमचं ऱ्हायलं, आन् त्यो शंभूराज, माजा चुलतभाऊ, चित्र घिऊन पंचायतीत बसलाय! म्हणतोय, बगा, वाट नाथाजीच्याच रानातनं हाय. आन् समदी माना डोलावत्यात!"

"मी स्वतः येऊन सांगते सगळ्यांना. नवा ठसाही कोरून देते, अगदी बरोबर."

"लय बरं हुईल. आन् ताई..."

"काय?"

"कोरणारच हायसा, तर वाट जरा रुंद कोरा. ट्रॅक्टर जाईल एवढी. शंभूराजच्या अंगाला."