मोठेबाबांचे कान

कॉलेज मी सोडलं, पण त्यावरून टोमणे मारायचं मोठेबाबांनी, म्हणजे बापाच्या थोरल्या भावानं, काही सोडलं नाही. ते मोहफुलं वेचायला जातात तिथं वाघीण फिरतेय. वाघ मागून येतो, तोंड दिसलं की थबकतो. म्हणून त्यांना टोपीच्या मागच्या बाजूला स्वतःच्याच चेहऱ्याचं स्टिकर हवं होतं. पोंभुर्ण्याला माझ्या स्टिकरच्या दुकानात आले.

"चौकोनी कापू, का चेहऱ्याभोवतीनं?"

"चौकोनी कापशील त वाघिणीले निवडणुकीचं पोस्टर वाटंल. चेहऱ्याभोवतीनं काप."

मी हाफ कट मारला. यात वरचं स्टिकर कापलं जातं, खालचा कागद अख्खा राहतो. मोठेबाबांना तो अख्खा कागदच दिसला.

"हे त कापलंच नाई तू. म्हणूनच कॉलेज सुटलं तुयं."

"मोठेबाबा, सोलून त पाहा. चेहरा आपोआप निघते."

"मले नको शिकवू."

काउंटरवरची कैची उचलून त्यांनी स्वतःच कापलं. दोन्ही कान उडाले.

"दुसरं काढून देऊ?"

"काही गरज नाई. वाघिणीले कान कायले पाहिजे?"

मीही नाद सोडला. खऱ्या डोक्याला आहेत ते तरी त्यांनी आजवर कुठं वापरले?