साताची आडवी रेघ

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या लार्च रिज या स्कीच्या डोंगराचे व्यवस्थापक श्री. गॉर्डन लिस्क, व्यासपीठावर अवघडून बसलेले, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती श्री. फ्रेड सॅलिकिन, त्यांना मघापासून कोपराने सरळ बसवणाऱ्या सौ. पॉली, बचाव पथकातले, स्कीच्या दुकानातले आणि शिकवणारे माझे सोबती, आणि बोर्श्ट सुपाच्या पातेल्यांपाशी उभ्या असलेल्या मैत्रिणींनो,

मी आर्लीन कोरॅझा. बर्फाच्या टेंगळांवरून आणि झाडीतून स्की कशी करायची, ते मी चौतीस वर्षं या डोंगरावर शिकवते आहे. फ्रेडबद्दल दोन शब्द बोला असं मला सांगण्यात आलं. दोनाचे जास्त होतील, बोर्श्ट झाकून ठेवा.

अडतीस वर्षं हा माणूस दुकानाच्या मागच्या बाकावर बसून आपल्या स्की घासत आला. माझ्या शिकवण्यातलं निम्मं त्याचं आहे. मागच्याच महिन्यात एक दंतवैद्य आले. म्हणाले, "सगळ्यात लांब आणि रुंद जोडी काढा."

फ्रेडने विचारलं, "जाणार कुठे?"

"आधी टेंगळं, मग झाडी."

"मग तू दोन दारं पायाला बांधून जिना उतरणार म्हण की. आखूड घे बाबा. मध्ये बारीक, नाकाला मऊ. झाडीत स्की तुझं ऐकणारी हवी, तुला ऐकवणारी नको."

त्यानंतर अर्थातच काटा. फ्रेडचा काटा कोणाला माहीत नाही? पिठाची पोती तोलायचा जुना काटा त्यांनी दुकानात मधोमध मांडला. तोंडी सांगितलेलं वजन ते ऐकूनच घेत नाहीत. आपल्या अध्यक्षांनाही त्यांनी चाळीस माणसांसमोर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. गॉर्डन, हसू नका, तो आकडा मला अजून पाठ आहे. वजन झालं की पुढचा प्रश्न, "झाडीत बरोबर कोण आहे? त्याला आत बोलाव." जोडीदार समोर आल्याशिवाय त्यांनी झाडीसाठी स्की दिली नाही. आपण सगळे त्यांना चिडवत आलो. म्हातारा लग्न लावायला बसलाय, म्हणायचो.

पण हा काटा आला कधी? नव्या मुलांना माहीत नसेल. सव्वीस वर्षांपूर्वी, माझा भाऊ रेनो गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात.

रेनो सत्तावीस वर्षांचा होता. टेंगळांवर तो बरा होता, फार चांगला नव्हता. आदल्या दिवशी त्याची स्की तीनदा पायातून निघाली आणि तीनदा मी चढ चढून ती आणून दिली. मी वैतागले होते, हे कबूल करते. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही झाडीत गेलो. शिकवताना मी काय सांगते? झाडाकडे बघू नका, दोन झाडांमधल्या वाटेकडे बघा. मनगटं काठीच्या पट्ट्यांतून बाहेर काढा. दहा वळणांनी "हो" अशी हाक द्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्या दिवशी बर्फ सुरेख पडला होता. मी हाक दिली आणि थांबले नाही.

देवदाराच्या खालच्या फांद्यांआड बुंध्याभोवती बर्फात जी पोकळ विहीर असते, तिच्यात तो डोकं खाली होऊन पडला होता. दोन्ही स्की पायातच होत्या. एक जरी सुटली असती, तर त्याला वळता आलं असतं, असं पथकाचं म्हणणं पडलं.

दफनाच्या दिवशी याच सभागृहात फ्रेड माझ्याजवळ आले. म्हणाले, "मला ठाऊक होतं स्की करण्यात तो दोन नंबरचा, मधल्या पायरीचा आहे. कागदावर तीन दिसलं आणि मी स्क्रू आवळला. पोराला विचारायला हवं होतं." मी त्यांचा हात धरला.

स्कीवर बूट पकडून ठेवणारं बाइंडिंग किती जोर पडल्यावर बूट सोडेल, ते गिऱ्हाइकाच्या कागदावरून ठरतं. एक नंबर नवशिक्याचा, तीन पटाईताचा. वजन जास्त, नंबर वरचा, तर स्क्रू घट्ट. त्या सकाळी दुकानात रेनो बूट ओढत बसला होता. मला म्हणाला, "आर्ली, तूच भर गं." मी नंबर तीन लिहिला. वजन अडुसष्ट किलो होतं, मी सत्त्याहत्तर लिहिलं. पुन्हा चढ चढायला नको म्हणून. खाली सही करायला कागद त्याच्याकडे सरकवला, त्याने न वाचता केली.

हे आजपर्यंत मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या वाटेने मी अजून शिष्यांना घेऊन जाते. हाक दिली की मागून डाव्या हाताला एक "हो" जास्तीचा येतो. मी रोज माणसं मोजते. माणसं बरोबर भरतात, आवाज एक जास्त असतो.

आता थोडक्यात आटोपते. गेल्या आठवड्यात फ्रेडचा बाक रिकामा करायला मी मदतीला गेले. खालच्या खणात प्लास्टिकच्या पाकिटात रेनोचा तो कागद होता. सत्त्याहत्तर. दोन्ही सातांना मधून आडवी रेघ. माझ्या नोनाने, इटलीहून आलेल्या आजीने, ती सवय फक्त मला लावली, रेनो तिच्याकडे कधी शिकला नाही. आणि मी तर चौतीस वर्षं रोज सकाळी माझ्या शिष्यांची यादी फ्रेडच्या हातात देते आहे. त्या यादीत असा रेघेचा सात येत नाही असा एक दिवस नसेल.

म्हणजे त्यांना माहीत होतं. केव्हापासून, ते मला ठाऊक नाही. चूक माझी, आणि काटा त्यांनी मांडला. लोक काट्याला हसायचे तेव्हा ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मला वाटायचं, ते स्वतःला लपवतायत. ते मला लपवत होते.

अध्यक्षमहाराज, आपण बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. स्वयंपाकघरातल्या बायांचे गरमागरम भरल्या पिराहींबद्दल आणि सर्वांचे शांतपणे ऐकल्याबद्दल आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने ते पोटात घालावं. कागदावरचं मात्र सभेने घालायचं नाही. ते एका माणसाने सव्वीस वर्षं पोटात घातलंय आणि त्याला एकदाही कोणी विचारलेलं नाही.

फ्रेड, तो आकडा मी लिहिला. स्क्रूचा दोष तुझा नव्हता. मला माफ करशील का?

घाई नाही. या वेळी उत्तर येईपर्यंत मी इथेच थांबते.