वृत्तात न बसलेले हातमोजे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, ज्यांच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने आमचं ब्लडप्रेशर आपोआप नीट येतं त्या मेट्रनबाई, व्यासपीठावर विराजमान असलेले विभागप्रमुख डॉक्टरसाहेब, सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सासूबाई आणि लेक, डायलिसिस विभागातले सर्व सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा, आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळच्या पाळीतले माझे खुर्चीबंधू आणि खुर्चीभगिनी!

बंधू आणि भगिनी प्रत्येक सभेत असतात. पण शेजारशेजारच्या खुर्च्यांवर चार-चार तास, मोजूनमापूनच मिळणाऱ्या एकाच पाण्याच्या पेल्याची स्वप्नं पाहणारी माणसं, त्यांना दुसरं काय म्हणावं? नातं आहे, शब्द नव्हता. म्हणून केला.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळामास्तराला पाच मिनिटं देणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असूनही दिली, यातच त्यांचं मोठेपण आहे.

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. कवितेचा तास नेहमी मधल्या सुट्टीनंतरचा. पोटं भरलेली, डोळे जड, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात खडूची धूळ तरंगते आहे आणि चाळीस पोरं एका चालीत कविता म्हणताहेत. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. अर्थ कळो न कळो, जे चालीत बसतं ते माणूस विसरत नाही, यावर माझा आयुष्यभर विश्वास. आज मी जे सांगणार आहे ते त्या विश्वासाबद्दलच आहे, आणि ते फारसं माझ्या बाजूचं नाही.

आमच्या सत्कारमूर्तींना या विभागात अकरा वर्षं सगळे 'मावशी' म्हणत आले. माझ्या मुलीच्या वयाच्या, पण मीही मावशीच म्हणायचो. चादरी बदलणं, आमची वजनं करून फळ्यावर लिहिणं, सांडलेलं पुसणं आणि कुणाचं तोंड फार कोरडं पडलं तर डॉक्टरांच्या परवानगीने बर्फाचा एक खडा देणं, हे त्यांचं काम. तो खडा त्या असा हातावर ठेवायच्या, की वाटावं मोती दिला.

नोकरी सांभाळून त्यांनी परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केला होता. राहिली होती परवान्याची परीक्षा. मी एकदा सहज विचारलं, "मावशी, या वयात कशाला हा व्याप? इथे सगळे मानतात की तुम्हाला."

त्या चादरीची घडी घालत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, मागे त्या कोपऱ्यातल्या आजोबांना चक्कर आली तेव्हा सिस्टर पलीकडच्या खोलीत होत्या. खुर्ची कशी मागे करायची, मशीनचं कुठलं बटण दाबायचं, सगळं मला माहीत होतं. पण मी नुसती हाका मारत उभी राहिले. आजोबा वाचले, ते सोडा. पण माझ्या हाताला परवानगी नव्हती हो. ती पाहिजे मला."

आता सांगा, यावर कुठला मास्तर गप्प बसेल?

अडचण होती पाठांतराची. त्यांच्या टिपणांचे कागद चादरींच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले असायचे. चादर काढताना एक ओळ वाचायची, ठेवताना दुसरी. "पण अंथरून होईपर्यंत विसरते," म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, मग चाल लावा! मी आहे ना!"

खरं सांगायचं तर माझा एक हात मशीनला बांधलेला आणि समोर छत. मला काही तरी करायला मिळालं, याचाच आनंद जास्त होता. मी तापाची ओवी केली, नाडीची आर्या केली. मावशी झाडू मारता मारता म्हणायच्या आणि मी खुर्चीतून मात्रा सुधारायचो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेलरमास्तर असतात, ते बघा, तिसऱ्या रांगेत, हसताहेत. ते म्हणायचे, "मास्तर, शिकवणी मावशींची चाललीय की माझी, तेच कळेना. मला तर घरी गेल्यावर पण नाडीच ऐकू येते."

आणि मग एका शुक्रवारी माझ्या हातून ती ओळ झाली.

संसर्ग झालेल्या रुग्णापाशी जाताना अंगावर झगा, तोंडाला पट्टी आणि हातांत मोजे घालतात. काम झाल्यावर ते काढायचे, तर कुठल्या क्रमाने? मावशींनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी ते वाचलं आणि मला भुजंगप्रयात सुचला. शाळेत शिकलेल्यांना आठवत असेल, प्रत्येक गणात पहिलं अक्षर लघु, मग दोन गुरू. झुलत जाणारं, फार देखणं वृत्त. ऐका:

मुखाची निघो पट्टि, ते एक ओझे,
झगा मागुती, शेवटी हातमोजे!

पाहिलंत, 'हातमोजे' शेवटी कसे झोकात येऊन बसतात? ते सुरुवातीला बसतच नाहीत. 'हा' गुरू आहे, ओळीच्या आरंभी लघु हवा. म्हणून मी त्यांना शेवटी नेऊन बसवलं. पुस्तकात क्रम काय होता, ते वाचलं होतं मी. पण तोपर्यंत ओळ इतकी सुरेख झाली होती, की पुस्तकाकडे पुन्हा बघावंसं वाटलं नाही.

मावशींनी ती पाठ केली. परीक्षेला गेल्या. लेखी उत्तम गेली, आणि प्रात्यक्षिकात दोन गुणांनी राहिल्या.

नियमाप्रमाणे संधी दोनच. पहिली गेली की वर्षाने दुसरी. तीही गेली तर सगळा अभ्यासक्रम पहिल्या दिवसापासून. बेचाळीस वर्षांच्या बाईला, घरी सासूबाईंचं दुखणं आणि लेकीचं शिक्षण असताना, 'पहिल्या दिवसापासून' म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मी खुर्चीतून त्यांना धीराचं भाषण दिलं. लांबलचक होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

पुढे चार-पाच महिने गेले. एका बुधवारी बाजूच्या बंद खोलीत संसर्ग झालेले एक गृहस्थ होते. मावशी आत जाऊन काम करून दाराशी आल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी आधी हातमोजे काढले. एकाच्या आत दुसरा गुंडाळून, अलगद. मग झगा. मग बाहेर येऊन, मागच्या नाड्या धरून पट्टी.

मी खुर्चीतून ओरडलो. सवय हो! "अहो मावशी, चुकलं! आधी पट्टी! ओळ विसरलात काय?"

मावशी जागच्या जागी थांबल्या. आणि नेमक्या तेव्हा आपल्या आजच्या अध्यक्षा हातात फाईल घेऊन तिथून चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चुकलं कुठे, गुरुजी? घाण सगळी मोज्यांना. त्याच हातांनी तोंडाची पट्टी सोडली तर घाण थेट नाकातोंडाशी नाही का जाणार? ही बाई इथे दिवसातून चारदा हे बरोबर करते आणि परीक्षेत जाऊन नेमकं उलटं करून आली. दोन गुण तिथेच गेले तिचे. काय भूत बसलं होतं मानगुटीवर, कुणास ठाऊक!"

मेट्रनबाई, ते भूत आज आपल्यासमोर माइक धरून उभं आहे.

त्या दिवशी आपण पुढे निघून गेलात. टेलरमास्तर नुसते खाकरले. मी मावशींना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"निकालाच्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं, गुरुजी? हाताला ठाऊक होतं. हात मोज्याकडेच चालला होता. पण समोर दोन परीक्षक बसलेल्या, मनात तुमची ओळ सुरू झाली. म्हटलं, गुरुजी शिकलेले, मी चादरी बदलणारी. त्यांचंच बरोबर असणार."

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं कुणी बोललं नव्हतं, आणि त्या तर रागानेसुद्धा बोलत नव्हत्या. किती पोरांना मी असंच शिकवलं असेल? त्यांच्या हाताला काय ठाऊक आहे, हे न विचारता वर माझी चाल ठेवून दिली असेल?

मी म्हटलं, "आजपासून माझी शिकवणी बंद. माझ्यामुळे आणखी नुकसान नको."

तेव्हा मात्र चिडल्या. "वा! म्हणजे चूक तुम्ही करायची आणि एकटं मी पडायचं? असं कसं चालेल? संधी एकच उरलीय माझी. बसा गुमान आणि प्रश्न विचारा."

बसलेलो तर होतोच. दोन सुया टोचलेला माणूस जातो कुठे?

मग आमचा अभ्यास उलटा सुरू झाला. मावशी आधी हातांनी करून दाखवायच्या आणि मी एकच प्रश्न विचारायचो, "का?" मोजे आधी का? सुई टोचलेल्या हातावर ब्लडप्रेशर का मोजायचं नाही? रुग्ण घाबरला असेल तर आधी त्याचा श्वास का बघायचा, त्याच्याशी बोलायचं नंतर का? त्या उत्तर द्यायच्या आणि उत्तर देता देता त्यांचा आवाज बदलत गेला. पहिल्यांदा मला विचारल्यासारख्या सांगायच्या. पुढेपुढे मला सांगू लागल्या. टेलरमास्तर म्हणाले, "आत्ता बरोबर आहे, मास्तर. आधी माप, मग कापड. तुम्ही सदरा शिवून माणूस शोधत होता."

मी हळूच विचारलं, "क्रमाला एखादी छोटीशी ओळ करू का?" त्या म्हणाल्या, "केलीय मी. मोजे, झगा, पट्टी, हात धुवा. झालं. चाल नको त्याला."

मी मनात मात्रा मोजून पाहिल्या. कुठल्याच वृत्तात बसत नाही. पण काय ठाम ओळ आहे!

निकाल आला तो सोमवारी, अकराच्या सुमारास. मी मशीनवर होतो. मावशी दारातून आल्या त्या धावत नव्हत्या, रडत नव्हत्या, हातात कागद होता. माझ्या मोकळ्या हाताच्या बाजूला येऊन त्यांनी तो धरला. चष्मा नव्हता माझ्या डोळ्यांवर. टेलरमास्तरांनी मान लांब करून वाचला आणि ओरडले, "पास! मास्तर, पास!" आणि मी वेड्यासारखा टाळ्या वाजवायला दोन्ही हात उचलले.

दोन्ही! सुयांचासुद्धा. मशीन किंचाळायला लागलं, लाल दिवा, सगळा विभाग माझ्याकडे. मावशींनी कागद पांघरुणावर टाकला, माझा हात सरळ करून उशीवर धरला, नळी पाहिली आणि म्हणाल्या, "आधी हात सरळ. मग काय रडायचं ते रडा." मग सिस्टर आल्या, त्यांनी मशीन पाहिलं आणि म्हणाल्या, "यांनी केलंय सगळं. मला काही ठेवलंच नाही." त्यावर मात्र माझा हात न सोडता मावशी रडल्या.

उद्यापासून त्या दूरच्या गावी, लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून रुजू होत आहेत. तिथली मुलं भाग्यवान आहेत. इथली आम्ही म्हातारी मुलं जरा पोरकी झालो आहोत. बर्फाचा खडा आता कोण देईल, हा प्रश्न मी व्यवस्थापनापुढे नम्रपणे ठेवतो.

डॉक्टरसाहेबांनी त्यांना अभ्यासासाठी पाळ्या बदलून दिल्या, मेट्रनबाईंनी वरून रागावून आतून सांभाळलं, सासूबाईंनी दुखणं बाजूला ठेवून स्वयंपाकघर हातात घेतलं, लेकीने आईची उजळणी घेतली. या सर्वांचे मी खुर्चीबंधूंच्या वतीने मनापासून आभार मानतो.

आता शेवटचं. भाषण संपवताना वक्ता म्हणतो, बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. मी हे वाक्य शेकडो समारंभांत म्हटलं आहे, आणि माझं काही चुकलं आहे असं एकदाही मनातून वाटलेलं नव्हतं. आज ते एकाच व्यक्तीला उद्देशून म्हणतो. सिस्टर, एका देखण्या ओळीपायी मी तुमचं एक वर्ष घेतलं. तुम्ही ते मला कधी ऐकवलं नाहीत. मला क्षमा करा.

काय म्हणताहेत त्या? माइकवर ऐकू येत नाही... हां. "फार वेळ उभे आहात, पाय सुजतील, बसा," असं म्हणताहेत.

सिस्टरांनी सांगितलं की ऐकावं लागतं. बसतो.