पिशवीतली पाहुणी

घड्याळजी : हा कागद कुणाचा?

मुलगा : कुठला कागद, बाबा?

घड्याळजी : हा. हातात धर. माझ्या इन्सुलिनच्या पिशवीत होता, बर्फाच्या पाकिटाखाली. सुई घ्यायला हात घातला तर बोटांना लागला.

मुलगा : औषधाच्या खोक्यातला असेल. माहितीपत्रक असतं ते.

घड्याळजी : माहितीपत्रकाची अशी त्रिकोणी घडी घालतात? कडा दुमडून कोपरे आत खोचलेले? डोळे गेलेत माझे, बोटं नाही गेली. चाळीस वर्षं घड्याळांचे केसाएवढे स्क्रू या बोटांनी बसवलेत. ही फुलपाखरू ठेवायची घडी आहे. आणि ती कशी घालायची हे या घरात एकाच माणसाने एकाच माणसाला शिकवलंय.

मुलगी : मलाही शिकवलं होतंत.

घड्याळजी : तुझे कोपरे कायम बाहेर यायचे. तू जरा गप्प बस.

मुलगी : बसले.

घड्याळजी : आणि घडीच्या आत पिठासारखं काहीतरी आहे. पंखांची भुकटी आहे ती. आता तूच सांग राजे, तू औषधांचं दुकान चालवतोस, शिकलासवरलेला आहेस. माझ्या इन्सुलिनशेजारी रात्रभर कोण झोपलं होतं?

मुलगा : बाबा, आधी नाश्ता करा. सुई घेतलीत ना? वेळेत खाल्लं नाही तर साखर उतरेल.

घड्याळजी : उतरू दे.

मुलगी : हे बिस्किट धरा. भांडायचं तर आहेच, पोटात काहीतरी टाकून भांडा. तुम्ही चक्कर येऊन पडलात तर गाडी मलाच हाणावी लागेल, आणि माझ्यासारख्या शाळेची पोरं नेणाऱ्या बाईला तो डोंगरउतार जोरात घेता येत नाही.

घड्याळजी : दे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

मुलगा : मी ठेवली होती. झालं समाधान?

घड्याळजी : काय ठेवली होतीस? नाव घे.

मुलगा : पाहुणी.

घड्याळजी : कधी धरलीस?

मुलगा : काल संध्याकाळी. प्रवासाने दमून तुम्ही झोपला होतात. मी मुक्कामाच्या खोलीमागे हात धुवायला आलो तर कुंपणावरच्या झाडात बसलेली दिसली, बारा फूट वर. शिडी घेतली आणि धरली.

घड्याळजी : मला उठवलं का नाहीस?

मुलगा : उठवून काय केलं असतं? बारा फुटांवरचं झाड तरी दिसतं का तुम्हाला? मधे डाग आणि कडेने धुकं. तुम्ही मान तिरकी करून बघत राहिला असतात, ती उडून गेली असती, आणि मग वर्षभर आम्ही ऐकलं असतं, यंदाही हुकली.

घड्याळजी : यंदाही हुकली, असंच म्हणालो असतो. एकतीस वर्षं दर ऑक्टोबरला तेच म्हणत आलोय. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

मुलगा : बिघडलं नाही. बरं.

घड्याळजी : समुद्रापलीकडून वाऱ्यावर येते, आठवडाभर या टेकडीवर थांबते आणि जाते. आपल्या फुलपाखरं बघणाऱ्यांच्या गटात सगळ्यांनी पाहिली. पोस्टमास्तरांनी तर तीनदा पाहिली, आणि त्यांना फुलपाखरांतलं काही कळत नाही, ते जेवणासाठी येतात. मी तेवढा राहिलो. आणि आज सात वाजून दहा मिनिटांनी तू माझा हात धरून मला या भिंतीशी आणलंस. म्हणालास, बाबा, हळू या, समोर फुलावर बसलीय. मी डाव्या डोळ्याच्या कडेने बघितली. वीतभर अंतरावर बसली होती. दोन मिनिटं हलली नाही. मी रडलो. पोस्टमास्तर आणि गटातले आणखी दोघे समोर उभे असताना रडलो मी. ती बर्फात गारठली होती म्हणून बसली होती, आणि मला वाटलं माझ्यासाठी थांबली.

मुलगी : बाबा…

घड्याळजी : मला तेव्हाच कळायला हवं होतं. ऊन चढल्याशिवाय पाहुणी फुलावर येत नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. सात वाजता कशी आली, हे विचारायची बुद्धी झाली नाही मला.

मुलगा : मी ती घडी कापडात गुंडाळली होती. बर्फाला चिकटवली नव्हती. मी वाचलं होतं, काही होत नाही त्यांना. ऊन लागलं की उडतात.

घड्याळजी : कुणी लिहिलंय ते? फोटो काढणाऱ्यांनीच ना? गेल्या वर्षी तो जाड चष्मेवाला डबा आणि बर्फ घेऊन आला होता, आठवतं? फुलपाखरं गारठवायची, फुलावर मांडायची आणि फोटो काढायचे. त्याला गटातून काढला आपण. काढा म्हणून पहिला हात कुणाचा वर झाला?

मुलगी : तुमचा.

घड्याळजी : माझा. आणि आज गटाच्या फळ्यावर, पाहुणी पाहिली म्हणून, नाव कुणाचं आहे?

मुलगी : तुमचंच. पोस्टमास्तरांनी केवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय. तुम्हाला दिसावं म्हणून.

घड्याळजी : ती काय करतेय आता?

मुलगी : बसलीय. त्याच फुलावर. पंख मिटलेले.

घड्याळजी : आठ वाजून गेले. अजून बसलीय. तुला केव्हा कळलं हे?

मुलगी : मला?

घड्याळजी : आवाजावरून कळतं मला. तू दचकली नाहीस. तुला आधीच माहीत होतं.

मुलगी : रात्री कळलं. मी म्हटलं होतं याला, सोडून दे तिला.

घड्याळजी : मग सकाळी मला का नाही सांगितलंस?

मुलगी : कारण मलाही वाटलं, एकदा बघू देत यांना. डॉक्टरांनी सांगितलंय, नजर मार्चपर्यंतच, पुढच्या ऑक्टोबरला काही दिसणार नाही. हो, वाटलं मला. मारा आता.

घड्याळजी : म्हणजे दोघांनी मिळून म्हाताऱ्याला खेळणं दिलंत.

मुलगा : खेळणं नव्हतं ते. खरी पाहुणी होती. तुमच्या डोळ्यांनी पाहिलीत. मी तुम्हाला कागदाचं कापून दाखवलेलं नाही.

घड्याळजी : आपणहून आलेली पाहतो त्याला पाहणं म्हणतात. तू दाखवलीस ते दुकानाच्या काचेतलं.

मुलगा : कुणाला कळणार आहे?

घड्याळजी : मला कळलंय.

मुलगा : तुमच्याशिवाय कुणाला नाही. मुकाट्याने घरी चला. फळ्यावर नाव आहे, राहू द्या.

घड्याळजी : आणि दुपारी? जेवणाआधी एकेकाने उठून सांगायचं, काय पाहिलं आणि कसं पाहिलं. या गटात फोटो मागत नाहीत की साक्षीदार मागत नाहीत. माणूस म्हणाला पाहिलं, की पाहिलं. एकतीस वर्षं माझ्या शब्दाला कुणी पुरावा विचारला नाही. आज मी उभा राहून काय सांगू? मुलाने बर्फातून काढून मांडली म्हणून?

मुलगा : सांगा काहीही. चुकलं माझं. मी करतो ते चुकतंच, आजचं काय नवीन आहे त्यात.

घड्याळजी : तोंड वर करून बोलू नकोस. तुला अजून कळलेलं नाही मी का चिडलोय. फळा गेला खड्ड्यात. मार्चनंतर माझ्या सुईत औषध कोण भरणार?

मुलगा : मी.

घड्याळजी : तू दहा युनिट म्हणालास की मी ते दहाच समजू, की बाबांना बरं वाटावं म्हणून म्हणतोयस असं समजू? डॉक्टर काय म्हणाला हे मला कोण वाचून दाखवणार? समोरून गाडी येतेय की नाही हे कोण सांगणार? मार्चनंतर मला तुझ्याच डोळ्यांनी बघायचंय. आणि मार्च यायच्या आधीच तू मला खोटं दाखवलंस.

मुलगी : तो औषधाशी असं खेळणार नाही, बाबा. एवढं तरी ओळखा त्याला.

घड्याळजी : काल रात्रीपर्यंत ओळखत होतो.

मुलगा : नाही. कधीच ओळखत नव्हतात. काढलाच आहे विषय तर ऐका. माझा वाढदिवस ऑक्टोबरमध्ये येतो. मला कळायला लागल्यापासून किती वेळा घरी होतात?

घड्याळजी : त्याचा इथे काय संबंध?

मुलगी : एकदा होते. पाय मोडला होता तेव्हा.

मुलगा : ताई, मी हसत नाहीये. दहा वर्षांचा होतो मी, बाबा. मला पहिल्यांदा इथे आणलंत, तेही आई आजारी होती आणि मला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून. त्या पाण्याच्या टाकीशी एकटा खेळत होतो आणि मला पाहुणी दिसली. पळत आलो. दुपारी सगळ्यांबरोबर उभा राहून सांगितलं. पोस्टमास्तरांनी माझं नाव फळ्यावर लिहिलं, टाळ्या झाल्या. आणि तुम्ही काय म्हणालात?

घड्याळजी : जुनी गोष्ट आहे.

मुलगा : तुम्ही म्हणालात, पोरगं माझं मन राखायला बोलतंय, पुसा ते. आणि फडकं माझ्याच हातात दिलंत. सगळ्यांसमोर माझं नाव मी पुसलं.

मुलगी : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मुलगा : काय सांगायचं? तू तरी विश्वास ठेवला असतास?

घड्याळजी : तुला तेव्हा पांढरं फुलपाखरू आणि पतंग यांतला फरक कळत नव्हता.

मुलगा : पाहुणी कळत होती. तुमच्या दुकानात टेबलामागे तिचं चित्र होतं. अभ्यास करताना दिवसभर समोर तेच. मी पाहिली होती, बाबा. खरंच पाहिली होती. या गटात माणूस म्हणाला पाहिलं की पाहिलं. मी एकटा सोडून.

घड्याळजी : कुठे बसली होती? पंख उघडे होते की मिटलेले?

मुलगा : नाही सांगणार.

घड्याळजी : अरे, मी नुसतं विचारतोय.

मुलगा : पुरावा मागताय तुम्ही. पोस्टमास्तरांना कधी विचारलंत, पंख उघडे होते की मिटलेले? चोवीस वर्षांनी माझी उलटतपासणी नको. ठेवायचा तर विश्वास ठेवा, नाही तर राहू द्या. पण तुमच्यापुढे खरं सांगून काही मिळत नाही, हे मी काही काल शिकलेलो नाही. ते तुम्हीच शिकवलंत, ती घडी शिकवलीत त्याच वर्षी.

(घड्याळजी कागदाची घडी उलगडतो, बोटांनी कडा सरळ करतो, पुन्हा घालतो.)

मुलगी : बाबा, दुसरं बिस्किट घ्या.

घड्याळजी : मला सात वर्षं झाली होती तेव्हा इथे येऊन. सात वर्षांत एकदाही दिसली नव्हती. आणि तू पहिल्याच दिवशी, टाकीशी खेळता खेळता.

मुलगा : म्हणून खोटं ठरवलंत.

घड्याळजी : हो.

मुलगा : हो म्हणजे?

घड्याळजी : म्हणजे हो. सहन नाही झालं मला. घरी परत जाताना बसमध्ये तू खिडकीला डोकं लावून झोपला होतास, तेव्हाच वाटलं होतं की हा खोटं बोललेला नाही. पण आता कुठे उकरायचं म्हणून बोललो नाही. मग बोलायचं राहूनच गेलं.

मुलगा : चोवीस वर्षं राहून गेलं.

घड्याळजी : म्हणून तुझं आजचं माफ होत नाही. मी अजून चिडलेलोच आहे.

मुलगा : मीही.

मुलगी : बरं झालं. नाही तर मला वाटलं दोघं गळ्यात पडताय.

घड्याळजी : दुपारी मी उभा राहणार आहे. काय झालं ते सगळं सांगणार. माझं नाव मी पुसेन. मला गटातून काढायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. तू माझ्या शेजारी उभं राहायचं, पळून जायचं नाही.

मुलगा : राहीन.

घड्याळजी : आणि टाकीजवळच्या पाहुणीचं मी काही विचारणार नाही तुला. फळ्यावर लिहायला सांगेन.

मुलगा : बाबा, आता नको ते. आता मला ते नकोय.

घड्याळजी : तुला हवंय की नको, हे मी कुठे विचारलं? तुझ्यासाठी नाही, फळ्यावर चूक राहू नये म्हणून. ऊन कुठवर आलंय?

मुलगी : भिंतीच्या वर. फुलावर पूर्ण ऊन आहे. ती आता…

घड्याळजी : तू नको. त्याला सांगू दे.

मुलगा : मी?

घड्याळजी : दुसरं कोण आहे इथे? काय करतेय ती?

मुलगा : पंख उघडलेत. उजवा पूर्ण उघडलाय. डावा अर्ध्यावर अडकतोय. फुलाच्या कडेपर्यंत सरकली, पुन्हा मागे आली.

घड्याळजी : उडेल?

मुलगा : मला नाही वाटत, बाबा.

मुलगी : अरे, उडेल की. कशाला असं तोंडावर…

घड्याळजी : बोलू दे त्याला.

मुलगा : डाव्या पंखाची कड चुरगळलीय. शिडीवरून उतरताना झालं असणार, माझ्या हातून. अजून थरथरवतेय, पण जोर नाही.

घड्याळजी : बरं. मग मी इथेच बसतो. तू तिच्याकडे बघ, आणि काय काय होतंय ते मला सांगत राहा.