समरकंदातला ढग

समरकंदचे घुमट कसले होते, ते मला इचारू नका रं. तासगावची आमी बेदाणावाली मंडळी टूरनं उझबेकिस्तानची जुनी शहरं बघाय गेलतो. गाइड म्हणाला, वर बघा. मी बघितलं, तर घुमटामागं काळा ढग!

"आवं, घुमट बघा की," बायको म्हणाली.

"कसला घुमट! त्या पलीकडच्या घराच्या अंगणात बेदाणा वाळत टाकलाय बघ. भिजला की काळा पडंल. झाकाय कुणीच न्हाई."

"आपला न्हाई त्यो!"

"ते ढगाला ठावं हाय व्हय?"

तेवढ्यात थेंब पडला. मी पळालो, माझ्यामागं सगळं तासगाव पळालं. गाइड झेंडा धरून एकटाच उभा! अंगणात पडल्याली ताडपत्री आमी बेदाण्यावर ओढतोय, तवर घरातनं म्हातारी काठी उगारून आली. तिनं आमच्याकडं बघितलं, वर ढगाकडं बघितलं, काठी टाकली आन ताडपत्रीचं टोक धरलं.

घरी आल्यावर आमच्या आबांनी इचारलं, "काय बघितलंस रं तिकडं?"

म्हणलं, "आबा, ताडपत्री तिथं बी एका कोपऱ्याला कमीच पडती."