सुरुवातीचे टाकाऊ भाग

नाही नाही, चूक माझीच, मान्य! पण मला सांगा, जी गोष्ट वाचणारा जो तो म्हणतो, 'सुरुवात सोसा हो, पुढे चांगलं होतं', तिची सुरुवात घरात ठेवायची कशाला? माझ्या लेकीची मंगा हो, ती जपानी चित्रकथा... शाळेतल्या पोरांच्या बास्केटबॉलची, कपाटभर भाग! मी वाचली ना. सुरुवातीला बोटं काढलीत की मुळे, कळत नाही! हिरो चेंडू झेलतो तो तोंडावर, आणि पानंच्या पानं नुसता बाकावर बसून! पुढे मात्र... अहाहा! चित्रं सुधारतात, पोरगा सुधारतो, शेवटची मॅच तर मी ऑफिसला दांडी मारून वाचली! तर तुम्हाला सांगतो, कपाटात जागा नव्हती, मी सुरुवातीचे भाग उचलले आणि दिले दातांच्या डॉक्टरांना, बाहेर ताटकळणाऱ्या पोरांसाठी. वर ऐट किती! 'आभार कसले डॉक्टर! जरा रटाळ आहे, पण पुढे चांगलं होतं!'

आणि त्याच संध्याकाळी लेकीनं टीमचा शर्ट सोफ्यावर भिरकावला. 'उद्यापासून मी खेळायला जाणार नाही.' का गं? तर वर्षभर बाकावरच बसवलंय तिला. मी शहाणा, शेवटचा भाग पुढे केला, 'अगं, पुढे चांगलं होतं, हे बघ!' तर म्हणते कशी, 'त्यात तो जिंकतो, बाबा. मला तो पडतो ते वाचायचंय. कुठे आहेत ते भाग?'

कुठे आहेत!... तिची आई स्वयंपाकघरातून, 'सांगा ना, कुठे आहेत!' सांगितलं. पोरगी ओरडली असती तर परवडलं असतं, तिनं नुसता तो शेवटचा भाग माझ्या हातात परत ठेवला. तिच्यासोबत बाकावर बसणारा एकच जण होता, तो हिरो, आणि त्यालाच मी, सख्ख्या बापानं, देऊन टाकलं!

आता दिलेली वस्तू परत कुठल्या तोंडानं मागणार? म्हटलं, दाढ दुखतेय अशी थाप मारू, लेकीला सोबत नेऊ, ती बाहेर बसून वाचेल. डॉक्टरांनी माझ्या तोंडात डोकावलं मात्र, 'अरे वा, वेळेवर आलात! रूट कॅनल. बऱ्याच खेपा होतील हं!'

तेव्हापासून दर खेपेला तिचा एक भाग वाचून होतो आणि माझी दाढ कोरून होते. पोरगी पुन्हा खेळायला जातेय... बाकावरच बसते अजून, पण जातेय! काल ते यंत्र घरघरलं, मी खुर्चीत आ वासून बोंबललो, तर बाहेरून लेकीचा आवाज, पुस्तकातून मान वर न काढता...

'सोस जरा, बाबा! पुढे चांगलं होतं!'