नसीबाच्या खुराड्यातील चौदा कोंबड्यांविषयी

जबाब देणार येसूबाई भ्रतार बुधाजी कडू, वय अंदाजे ३२, धंदा शेती व घरकाम, राहणार चौल, तालुके अलिबाग, जिल्हा कुलाबा. तारीख १९ फेब्रुवारी १९३३, दुपारी चार वाजता.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझे पती बुधाजी यांनी काल फिर्याद दिली की आमचा कोंबडा व दोन कोंबड्या शेजारीण नसीबा भ्रतार हमदुल्ला मुकादम हिने चोरल्या. तसे घडलेले नाही. त्या मी स्वतः तिच्याकडे नेऊन दिल्या.

पती मार्गशीर्षात पेणकडे मिठागरावर कामाला गेले. तेव्हा घरी पाच कोंबड्या व एक कोंबडा होता. मागल्या थंडीत आमच्या सगळ्या मेल्या होत्या. त्या वेळी पती चार माणसांत म्हणाले होते, "हिच्या हातात कोंबडं जगत न्हाय." या वर्षीच्या मी माहेरून पिल्ले आणून वाढवल्या.

पौषात आळीत रोग आला. कोंबडी मान वाकडी करी व तिसऱ्या दिवशी मरे. आठ दिवसांत बहुतेक खुराडी रिकामी झाली. नसीबाच्या अकरांपैकी एकही मेली नाही. बाईने काहीतरी केले, असे लोक म्हणू लागले. तिने काय केले ते मी कुंपणावरून रोज पाहत होते.

तिने खुराड्याची उत्तरेची बाजू झावळ्यांनी बंद केली. खाली चुलीची राख पसरी, ती सकाळी काढून नवी घाली. ऊन अंगणात आल्याशिवाय दार उघडत नसे. ज्या घरी कोंबडी मेली त्या घरच्या माणसाला फाटकाच्या आत घेत नसे. तिची नणंद फिरोजा बाहेरूनच परत गेली, ती अजून तिच्याशी बोलत नाही. त्या महिन्यात नसीबाचे रोजे होते. दिवस बुडताना ती आधी कोंबड्या मोजून आत घाली, दाराला दगड लावी, मग पाणी पिई. मशिदीत बांग झाली तरी मोजणी अर्धी सोडलेली मी पाहिली नाही.

मोजण्याची तिची सवय जुनीच. कामाला जाण्यापूर्वी पती तिला हसत. म्हणत, "मुकादमाची बायको कोंबड्यांची हजेरी घेते. एखादी उशिरा आली तर पगार कापील."

माझ्या दोन मेल्यावर उरलेल्या चार मी डालग्यात घालून तिच्या फाटकाशी नेल्या. ती म्हणाली, "येसू, आत येऊ नको. तिथंच ठेव."

मी म्हटले, "नसीबाबी, यांच्यापायी तुझ्यापण मरतील."

ती म्हणाली, "मरतील तर माझ्या मरतील. तू हात धू आणि घरी जा."

तिने त्या कुंपणाच्या टोकाला चिंचेखाली वेगवेगळ्या डालग्यांत झाकून ठेवल्या. आपल्यांना दाणे घालून झाले की मग त्यांना घाली व कोपरापर्यंत हात राखेने धुई. एक दुसऱ्या दिवशी मेली, ती तिने खोल पुरली. असे एकवीस दिवस केले. ईदेच्या दुसऱ्या दिवशी डालगी काढली व त्या आपल्यांत सोडल्या. तेव्हापासून माझ्या कोंबड्यांची अंडी ती ओळखून माझ्याकडे पाठवते.

काल पती आले तेव्हा मी खाडीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेले होते. नख छाटलेला आमचा कोंबडा त्यांनी कुंपणापलीकडे ओळखला व मला न विचारता ते इकडे चौकीवर आले.

आज सकाळी शिपाई चौदाही कोंबड्या एका टोपलीत घालून घेऊन आले. नसीबाने अडवले नाही. इतकेच म्हणाली, "दिवस बुडायच्या आत यांना आडोसा करा."

मला कोणी शिकवलेले नाही. पती दाराशी बसून ऐकत आहेत. मधे त्यांनी विचारले, "मला का न्हाय कळवलंस?" त्याचे उत्तर वर, मागल्या थंडीच्या हकिगतीत, आले आहे.

माझ्या तीनही कोंबड्या नसीबाच्याच खुराड्यात परत जाव्यात. थंडी अजून सरलेली नाही.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेवढेच त्यात आहे.

निशाणी डाव्या अंगठ्याची, येसूबाई.

शेरा: फिर्यादीने फिर्याद मागे घेतली. कोंबड्या नग चौदा, सूर्यास्तापूर्वी नसीबा हिने मोजून ताब्यात घेतल्या. टोपली बुधाजी याने उचलून नेली.